मुंगसाचा गेट पास

नोएडाच्या त्या सेक्टरात अलीकडे तळं, पलीकडे पुरुषभर उंच गवत. गवतात मुंगूस नांदे, कोल्हा नांदे. दिवसा एक, रात्री दुसरा, पाणी प्यायला तळ्यावर येई. मग बिल्डरने मधोमध भिंत आखली. आराखडा करणाऱ्या सुनेत्राने भांडभांडून भिंतीच्या पायथ्याशी हातभर भोक राखून घेतलं. जाहिरातीत त्याचं बारसं झालं, ‘वाइल्डलाइफ कॉरिडॉर’. त्या नावावर फ्लॅट खपले; एक सुनेत्रानेही घेतला. भोक मात्र सोसायटीच्या कमिटीला खुपलं.

कमिटी भिंतीपाशीच जमली. गवंडी सिमेंट कालवून तयार.

“मॅडम, बुजवा ते,” अध्यक्ष गुलाबराव म्हणाले. परमुलखात मराठी माणूस भेटल्याचा आनंद त्यांना नकार देतानाही लपवता येत नव्हता. “माझा सख्खा भाऊ आला तरी ॲपवर अप्रूव्हल लागतं. आणि हे येणार बिनधास्त?”

“काका, जवळपास दुसरं पाणी नाही. ऐन उन्हाळ्यात मरतील हो ती.”

“गार्ड बसवू,” खजिनदार भानुमतीबाईंनी तोड काढली. “व्हिजिटर एन्ट्री. कुठल्या फ्लॅटला आलाय, विचारायचं.”

कुणीही हसलं नाही. सुनेत्राने ओठांवर आलेलं सगळं शास्त्र गिळलं.

“व्हिजिटर कशाला? डेली हेल्पमध्ये टाकू या ना, कामवाल्या बायांच्या यादीत.”

भानुमतीबाई पुढे सरसावल्या. “काम काय करतं मुंगूस?”

“साप धरतं, उंदीर मारतं.”

“सुट्ट्या?”

“एकही नाही.”

“पगार?”

“मागत नाही. दिवाळीचंही नाही.”

“अगं बाई!” भानुमतीबाईंनी हात जोडले. “दिल्लीत जन्म गेला, अशी बाई मिळाली नाही मला!”

“आणि कोल्हा?” गुलाबरावांनी डोळे बारीक केले.

“नाइट शिफ्ट.”

“लिफ्ट वापरणार नाहीत ना?”

“नाही.”

“बिल्कुल पक्कं?”

“बिल्कुल.”

ठराव एकमताने झाला. गवंडी घमेलं उचलून गेला. भोकावर पाटी चढली, ‘सर्व्हिस एन्ट्री’.

दोन दिवसांनी सकाळीच मुंगूस आलं. मागे तीन पिल्लं, शेपट्या सांभाळत. पाण्यावर चार नाकं टेकली, चार वलयं उमटली. सुनेत्राचा जीव सुपाएवढा झाला.

भिंतीच्या टोकाच्या गेटवर कामवाल्या बाया गार्डच्या तपासणीसाठी पिशव्या उघडून उन्हात रांगेत उभ्या होत्या. सुनेत्राच्या घरची कामवालीही त्यांतच होती. तिने मुंगसाची वरात डोळे भरून पाहिली आणि लांबूनच ओरडली,

“दीदी, वो छेद थोडा बडा करवा दो ना. हम भी वहीं से आ जाएंगे!”