चिंचेच्या पाण्यातला तन्मणी

मित्रांनो, मी एक जुना तन्मणी आहे, आणि मला माणसांच्या दातांची फार किळस येते.

तन्मणी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. बारीक मोत्यांचे पदर आणि मध्ये खड्यांचं एक खोड, म्हणजे पदक, असा हा गळ्यालगत बसणारा दागिना. माझ्या खोडात मधोमध पाचू आहे आणि त्याच्या भोवती माणकं आहेत. लग्नाच्या मांडवात मी कुणाच्या गळ्यात दिसलो की बायका आधी कौतुक करतात, मग जवळ येतात आणि मग दात विचकतात. खरा मोती दातावर घासला की किंचित खरखरतो आणि खोटा गुळगुळीत लागतो, अशी एक परीक्षा आहे. परीक्षा चुकीची नाही. पण ती ज्याची होते त्याला विचारा! कुणाच्या दातावर कॉफीचा थर, कुणाच्या विड्याचा लाल रस. एकीच्या दाढेत तर सकाळच्या पोंगलातलं मिरं अडकलेलं होतं. ज्या बाईच्या गळ्यात मी आहे तिची मान बकरीसारखी पुढे ओढायची, मला तोंडात धरायचं आणि मग म्हणायचं, "खरे आहेत हो!" शी!

तसं पाहिलं तर माझा जन्मच किळसेतून झाला आहे. समुद्राच्या तळाशी शिंपल्याच्या मऊ अंगात काहीतरी नकोसं शिरतं. त्याला ते थुंकून टाकता येत नाही, खाजवायला हात नाहीत. मग बिचारा त्या नकोशा वस्तूभोवती आपल्याच अंगातल्या रसाचा थर देतो, त्यावर आणखी एक थर देतो, आणि असं वर्षानुवर्षं करत राहतो. त्यालाच तुम्ही मोती म्हणता आणि गळ्यात घालून मिरवता.

माझी निवड मात्र थाटात झाली. आता मी ज्यांच्या घरात आहे, त्या धनलक्ष्मीबाईंच्या सासरच्या एका पूर्वजाने तंजावरात मला आपल्या नव्या सुनेसाठी घडवून घेतलं. तो माणूस पारखी होता. दिव्याच्या उजेडात मोती घ्यायचा नाही, हा त्याचा नेम. दिव्यापुढे गारगोटीही चमकते. सकाळी ओसरीवर पांढरं धोतर अंथरून त्याने मोती पसरले, एकेक बोटाने घरंगळवून पाहिला. ज्यात दाराची चौकट स्पष्ट दिसली तो ठेवला, ज्यात धूसर दिसली तो परत केला. पाचूच्या आत बारीक रेषा असतातच, पण त्या कुठवर गेल्या आहेत तेही त्याने उन्हाकडे धरून पाहिलं. मग रेशमी दोऱ्यात, प्रत्येक मोत्यानंतर गाठ मारून, मला ओवलं. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळे घरभर पळत नाहीत. त्या सुनेने मला पहिल्यांदा घातलं तेव्हा ती आरशापुढून हलेना. एवढं निर्मळ कौतुक मी नंतर फारसं पाहिलं नाही.

पुढच्या पिढ्यांत माझी किंमत वाढत गेली आणि काळजी कमी होत गेली. धनलक्ष्मीबाईंचे यजमान मानाजी बँकेच्या नोकरीसाठी चेन्नईला आले, तेव्हा मीही आलो. इथल्या मे महिन्यातली लग्नं तुम्ही पाहिली असतील. धनलक्ष्मीबाई आधी मला घालत, मग मानेवर पावडर थापत, मग त्यावर अत्तर शिंपडत. घाम, पावडर आणि अत्तर यांचा जो राप होतो, तो माझ्या दोऱ्यात मुरला. घरी आल्यावर मला तसंच, न पुसता, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून लॉकरमध्ये टाकत. सोबतीला पाटल्या आणि नक्षीचे तोडे. त्यांच्या कडा मला ओरबाडत. मोत्याला हवा लागते, माणसाच्या अंगाची ऊब लागते. ती नसली की तो सुकतो, पिवळा पडतो. मी त्या अंधारात माझाच आंबूस वास घेत पडून राही.

मग या घरात मधुवंती आली.

मधुवंती म्हणजे धनलक्ष्मीबाईंची सून, गिरीधरची बायको. तिचे वडील साताऱ्याकडचे, चेन्नईजवळच्या आवडी गावी संरक्षण कारखान्यात नोकरीला. तिचं मराठी ऐकून धनलक्ष्मीबाई हसत आणि त्यांचं तंजावरी मराठी ऐकून ती गालातल्या गालात हसे. पेरुंगुडीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये तिने मला पहिल्यांदा पिशवीतून काढलं, तेव्हा नाक मुरडलं नाही. मऊ सुती कापड ओलं करून पिळलं आणि एकेक मोती पुसला. मला वाळू दिलं. साडी, वेणी, अत्तर सगळं झाल्यावर शेवटी ती मला घाली आणि घरी आली की सगळ्यांत आधी मला काढी. मलमलीत गुंडाळून, वेगळ्या डब्यात, आडवं ठेवी. टांगलं तर दोरा ताणतो, हेही तिला कळत होतं. दोरा विरला तेव्हा टी. नगरमधल्या एका पेढीवर तिने मला नव्याने गाठवून आणलं. त्यासाठी मला तिथे थोडे दिवस ठेवावं लागलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच गोष्टीवरून घरात आग लागली.

श्रावणात वरलक्ष्मीचं व्रत आलं. या घरात कलशावर देवीचा चांदीचा मुखवटा बसवतात आणि तिच्या गळ्यात मला घालतात. तो माझा मान. आदल्या दिवशी मधुवंती ऑफिसात होती. धनलक्ष्मीबाईंनी समया, ताम्हन, घंटा सगळं काढलं आणि पितळेच्या मोठ्या पातेल्यात चिंचेचं कढत पाणी केलं. देवापुढे जायचं ते चिंचेनं उजळलेलं असलं पाहिजे, हा त्यांच्या सासूबाईंच्या वेळेपासूनचा दंडक. सगळी भांडी झाली. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

"ऐयो, देवीच्या गळ्यांत मळकट मुत्तु कसे चालतील?" त्या स्वतःशीच म्हणाल्या (मुत्तु म्हणजे आम्ही मोती) आणि मला उचलून त्या पाण्यात सोडलं.

मित्रांनो, चिंच पितळेची मैत्रीण आहे, मोत्याची वैरीण. माझ्या अंगावर बारीक बुडबुडे आले. शिंपल्याने जन्मभर एकावर एक चढवलेले थर पाण्यात विरघळू लागले. पाचूच्या रेषा ज्या तेलाने झाकलेल्या होत्या, ते तेलही कढत पाण्याने गेलं. वर चिंचेचा चोथा, समईची काजळी, कुणाच्या तरी हाताचं तूप. ते सगळं माझ्या अंगावर बसत होतं. इतक्यात फोन वाजला. धनलक्ष्मीबाईंची मुलगी दिव्यश्री कोईमतूरहून निघाली होती. दोघींचं बोलणं संपलं तोवर ऊन उतरलं होतं. बाईंनी मला खंगाळलं, पुसलं आणि समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी समयांच्या उजेडात, हळद-चंदनात, मी देवीच्या गळ्यात होतो. कुणाला काही दिसलं नाही. दिव्यापुढे गारगोटीही चमकते, हे मी मघाशी सांगितलंच.

शनिवारी सकाळी उत्तरपूजा झाली. दिव्यश्री मला न्यायलाच आली होती. तिच्या मुलीचा, तनयाचा, साखरपुडा मांबळमच्या हॉलमध्ये ठरला होता आणि तिथे मी तनयाच्या गळ्यात हवा होतो. तिने मला देवीच्या गळ्यातून काढलं, खिडकीशी नेलं आणि तिचा चेहरा बदलला. उन्हात मी खडूसारखा दिसत होतो.

पुढे काय झालं ते ओळखलंत ना? तिने मला दातावर घासलं.

"अम्मा, हे आपले मुत्तु नव्हेत," ती म्हणाली. "दांतास खडू लागतोय. कोण बदललं?" आणि बदललं कोण, हे विचारतानाच तिने मधुवंतीकडे पाहिलं. "टी. नगरास घेऊन गेली होतीस ना तूं? किती दिवस होता तिथें?"

"दोरा गाठवायला दिला होता, अक्का. अम्मांना विचारून," मधुवंती म्हणाली.

"दोरा बदलला की मुत्तु?"

धनलक्ष्मीबाईंनी मला आपल्या हातात घेतलं. अंगठ्याने एक मोती चोळला. पांढरी भुकटी त्यांच्या अंगठ्याला लागली. त्यांनी अंगठा नाकाशी नेला, हुंगला. मी त्यांच्या तळहातावर होतो, म्हणून मला कळलं की त्यांना कळलं. मग त्यांनी तो हात, माझ्यासकट, लुगड्याच्या पदराखाली लपवला.

विड्याच्या दातांची किळस मी पिढ्यान्पिढ्या सोसली. पण त्या पदराखालच्या अंधारात मला जी शिसारी आली, तशी कधी आली नव्हती. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. लेकीपुढे आणि सुनेपुढे आपली चूक सांगायची लाज, एवढ्यासाठी त्या दुसरीला चोर ठरू देत होत्या. आणि गिरीधर? तो ओरगडमच्या कारखान्याच्या बससाठी बूट घालत होता. "सोड ना अक्का, पाहूं नंतर," एवढं पुटपुटला आणि बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत राहिला. त्या नाडीचीही मला किळस आली.

दिव्यश्रीने ताटात कापूर ठेवला आणि पेटवला. इकडे ही रीत आहे. पेटत्या कापरावर तळहात मारून तो विझवायचा आणि देवीसमोर सत्य सांगायचं. खोटं बोलणाऱ्याचं वाटोळं होतं म्हणतात.

"मार हात, आणि सांग बदललें नाही म्हणून," ती म्हणाली. "मग मी एक शब्द बोलणार नाही."

मधुवंती जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"मी शपथ घेणार नाही, अक्का. विश्वास असता तर तुम्ही कापूर लावला नसता. आणि विश्वास नसेल तर माझा हात भाजला तरी तो येणार नाही. मी माझी बॅग भरते. आवडीला जाते. तुम्ही पेढीवर जा, पोलिसांत जा, कुठेही जा."

"पाहिलंस गिरी? खरी असेल ती मागें सरत नाही!"

कापूर जळत होता. मधुवंती वळली. सोळा सोमवारचं पुण्य गाठीला असलेल्या धनलक्ष्मीबाई अजूनही गप्प होत्या, आणि मी मनात म्हणत होतो, शिंपल्याला थुंकता येत नाही, बाई, पण तुम्हाला तोंड आहे.

मधुवंती दारापर्यंत पोचली, तेव्हा मागे 'चट्' असा आवाज झाला. धनलक्ष्मीबाईंनी आपला मोकळा हात पेटत्या कापरावर मारला होता. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होतो.

"मी," त्या म्हणाल्या. "मीच पुळींत, चिंचेंत घातलें. देवीसाठीं उजळायला. मज तेव्हां समजलें नाही. पण आत्तां हुंगल्यावर समजलें, तरी मी बोललें नाही. दिव्या, हें आपलेच मुत्तु आहेत. मी मारलें त्यांस."

दिव्यश्रीने कापराचं ताट बाजूला सारलं. गिरीधर एका पायात बूट घालून उभा. मधुवंती दारातून परत आली, तिने सासूबाईंचा हात नळाखाली धरला आणि त्यावर मलम लावलं. धनलक्ष्मीबाई रडत म्हणाल्या, "हा आतां तुझाच. तूंच घाल. मज क्षमा कर."

मला वाटलं, आता ती नेहमीच्या सुनांसारखं "असू द्या हो अम्मा" म्हणेल. अपमान गिळेल, त्यावर थर चढवेल आणि सगळे म्हणतील, काय मोत्यासारखी सून! पण ती शिंपला नव्हती.

"घालीन," ती म्हणाली. "तनयाच्या साखरपुड्यालाच घालीन, असाच, खडूसारखा. पण कुणी विचारलं की मोती असे का, तर मी उत्तर देणार नाही. तुम्ही द्यायचं, अम्मा. दर वेळी."

धनलक्ष्मीबाईंनी मान डोलावली.

साखरपुड्याला हॉल भरलेला होता. नात्यातली हेमलता मावशी, वय झालेली, तोंडात विडा, मधुवंतीजवळ आली. "अगो, हे खोटे दिसतात!" असं म्हणत तिने मला धरलं आणि मान पुढे ओढली. लाल दात जवळ येऊ लागले. मी डोळे मिटून घेतले असते, मला असते तर.

"सोड, हेमा," पलीकडच्या खुर्चीतून आवाज आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. धनलक्ष्मीबाई उठून उभ्या होत्या, तळहातावर कापराचा काळा डाग. "खरेच आहेत. मी त्यांस चिंचेंत घातलें आणि आळ सुनेवर येऊं दिला. आणखी काय विचारायचं तें मज विचार."

हेमलता मावशीने तोंड मिटलं आणि मला सोडून दिलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी कुणाच्या दाताला न लागता मांडवातून घरी आलो.

माझं पाणी गेलं ते गेलं, मित्रांनो. मोत्याचं पाणी पुन्हा चढत नाही. मधुवंती मला अजून पुसते, मलमलीत आडवं ठेवते, आणि धनलक्ष्मीबाई अजून उत्तरं देतात. तुमच्या घरी मोती असतील तर त्यांना अत्तर, घाम आणि प्लॅस्टिकपासून जपा. चिंच, लिंबू, सोडा यांच्या वाऱ्यालाही उभं करू नका. घालताना शेवटी घाला, काढताना आधी काढा. आणि कधी एखादा दागिना निस्तेज दिसला, म्हणून घरातल्या कुणाकडे बोट दाखवावंसं वाटलं, तर ते बोट आधी स्वतःच्या नाकाशी नेऊन हुंगा. चिंचेचा वास लवकर जात नाही.