मामू सुट्टीवर गेला

रबरी शेपटी पुठ्ठ्याच्या पुलावर आपटते.

कुकरची शिट्टी.

“थांब गो, पाणी पितो जरा.”

आगीच्या उजेडात पळणारी माणसं. त्यांच्यात चष्मा पडलेला एक म्हातारा.

तव्यावर सुरमई चुरचुरते.

समुद्र. बराच वेळ नुसता समुद्र.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांचे कोणीच लागत नाहीत असं तुम्हाला वाटेल. पण ते सगळे माझ्याच पोटात राहतात. मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. काळं प्लास्टिक, दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली तपकिरी फीत, एवढाच माझा देह. माझ्यावर एका जपानी राक्षसाचे दोन चित्रपट आहेत, पहिला भाग आणि दुसरा. तो समुद्रातून वर येतो, शहर तुडवतो, आगगाड्या दातांत धरतो. त्या रबरी कातडीच्या आत घामाघूम झालेला एक माणूस आहे, हे मला ठाऊक आहे. भीती तरीही वाटते.

शारजातली एक व्हिडिओ लायब्ररी बंद होत होती, तेव्हा जमालने मला उचललं. जमाल रत्नागिरीकडचा, बंदरात टगबोटीवर कामाला. अल नहदाच्या फ्लॅटमध्ये त्याची बायको जैनब आणि पाच वर्षांची मुलगी फिझा. माझे चित्रपट जपानीत, खालची अक्षरं अरबीत. फिझा विचारायची, “अब्बा, ते काय बोलतात?”

जमाल टीव्हीजवळ जाऊन अक्षरं मोठ्याने वाचायचा. लहानपणापासून कुराण वाचलेलं, वाचन अगदी अस्खलित.

“म्हणजे काय?”

“वाचता येतं गो बाय. समजत नाय.”

स्वयंपाकघरातून जैनब हसायची. “आणि गावात सांगत फिरता, मला अरबी येतं!”

एका शुक्रवारी जमालने व्हीसीआरला माईक लावला. त्या यंत्राला एक बटण होतं. ते दाबलं की चित्र तसंच राही आणि नवा आवाज भरता येई. माझ्या फितीवर आवाजाच्या दोन वाटा आहेत. एक रुंद, चित्राच्या आत दडलेली. तिथे जपानी आवाज तसाच राहिला. दुसरी कडेची, अरुंद. जमाल त्या अरुंद वाटेने बोलत बोलत शेवटपर्यंत गेला. घरचं साधं यंत्र तेवढीच वाट वाचायचं.

राक्षसाचं नाव त्याने मामू ठेवलं. सेनापती हात हलवून ओरडे तेव्हा ऐकू येई, “यल्ला, यल्ला, तोफा लावा! मामू, तुझा व्हिजा संपला, परत जा!” आणि मामू आभाळाकडे तोंड करून गर्जे, “आलो नाय आलो, हाकलता काय रे? जेवलो पन नाय अजून!”

पहिल्या भागाच्या शेवटी मामू समुद्रात बुडतो. तिथे फिझा रडणार हे जमालला माहीत होतं. म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलं आहे, “रडू नको फिझा. मेला नाय तो. सुट्टीवर गेलाय, गावाला. आता येतो बघ.”

आणि दुसऱ्या भागात मामू खरंच येतो.

जमाल बोटीवर असला की घरात मी बोलायचे. फिझा माझ्यासमोर बसून जेवायची. मला दुसऱ्या कोणी असं पुन्हा पुन्हा ऐकलं नाही. ती माझी चांगली वर्षं होती.

मग जमाल सुट्टीवर गेला. गावाला.

तिकडून फोन आला तेव्हा जैनब खाली बसली ती बराच वेळ उठलीच नाही. शेजारणी आल्या. फिझा सगळ्यांना समजावत होती, “अब्बा सुट्टीवर गेलेत. दुसऱ्या भागात येतात.” त्यानंतर जैनबने मला जुन्या साडीत गुंडाळून कपाटावरच्या बॅगेत ठेवलं. तिला तो आवाज सोसत नव्हता. घरात त्याचे फोटो पुष्कळ होते. आवाज एकट्या माझ्याकडे होता.

अंधारात वर्षं गेली. व्हीसीआर भंगारात गेला. फिझा मोठी झाली, जुमेरा लेक टॉवर्समधल्या ऑफिसात लागली, तिला झारा झाली. एक दिवस झाराने आजोबांबद्दल विचारलं, “मम्मा, व्हॉट डिड नाना साउंड लाइक?”

फिझा स्टुलावर चढली.

तिने मला मोहिद्दीनच्या दुकानात नेलं. तो हैदराबादचा, जुन्या लग्नांच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून द्यायचा. फिझा म्हणाली, “मेरे अब्बा की कॅसेट है. आवाज एकदम साफ आना चाहिए.”

“टेन्शन नक्को लो, आपा.”

मोहिद्दीन मनापासून काम करणारा. त्याने मला लावलं, कान दिला. कोणी माणूस मध्येच बोलतोय, खोकतोय, मागे कुकर वाजतोय. त्याला वाईट वाटलं. त्याचं यंत्र भारी होतं, दोन्ही वाटा वाचणारं. त्याने कडेची वाट बंद केली.

फिझा आली तेव्हा दुकानात गर्दी, टीव्ही मुका. पडद्यावर मामू दिसला आणि तिचे डोळे भरले.

“कॅसेट का क्या करूँ, आपा?”

“सब आ गया ना इस में?”

“सब.”

“तो रहने दो.” जाताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

दोन दिवसांनी ती धावत परत आली, झाराला हाताशी धरून. मागच्या जिन्याखाली गोणीत पडल्या पडल्या मी ऐकलं.

“भाईसाब, उस में जो आदमी बोल रहा था...”

“वो निकाल दिया, आपा! कितना डिस्टर्ब कर रहा था.”

“वही मेरे अब्बा थे.”

मग कपाटं उघडल्याचे आवाज, खोकी उलटी केल्याचे आवाज. “भंगार की गाडी सुबह आके गई, आपा. खलास. मेरे को माफ कर दो.” गाडीवाल्यांनी एक गोण जड म्हणून जिन्याखालीच टाकली होती, हे त्याला माहीत नव्हतं. मित्रांनो, माझ्यात इतकं बोलणं भरलेलं आहे, पण मला स्वतःहून एक शब्दही बोलता येत नाही.

“मम्मा,” झारा म्हणाली, “मामू कम्स बॅक, राइट?”

फिझाने तिला कडेवर घेतलं. दुकानाचं दार उघडलं, रस्त्याचा आवाज आत आला आणि दार मिटलं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कोणी असेल. आम्हाला टाकायचं तर टाका, आमचं वय झालं आहे. पण त्याआधी एकदा शेवटपर्यंत ऐका, मधला खोकलासुद्धा. आणि साफ करून देणाऱ्याला आधी सांगा, की त्यात आपलं माणूस कोणतं.

त्या शेवटच्या सुट्टीला जमाल विमानतळाकडे निघाला तेव्हा फिझा झोपली होती, आणि त्याने तिला उठवलं नाही.