आत्याबाईंचा काढा

लुपस या आजारानं ऋजुताची बोटं इतकी सुजली होती, की तिला गोळ्यांचं पाकीट फोडता येत नसे. ते काम आमच्या आत्याबाईंनी मागून घेतलं. आजार इम्युनिटीचा आहे, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मग ती वाढवायला सियागंजच्या बाजारातून गुळवेल आली आणि रोज पोह्यांबरोबर काढ्याचा पेला. स्टेरॉइडच्या मुख्य गोळीनं चेहरा सुजतो, म्हणून ती मात्र त्या रोज गुपचूप बाजूला काढत आणि बाकीच्याच देत. आम्ही सगळे काढ्याचं कौतुक करत होतो, मीसुद्धा.

काल रिपोर्ट आला. किडनीला सूज. आज देव्हाऱ्यामागे त्या न दिलेल्या बावीस गोळ्या सापडल्या.

"आधी गालांवर चट्टे, मग सांधे, आता किडनी!" ऋजुता ओरडली. "आत्याबाई, माझी इम्युनिटी कमी नाहीये. तीच मला आतून खातेय आणि तुम्ही तिला खुराक देताय!"

"बेटा, मी तर भल्यासाठीच केलं न! हे डॉक्टर लोक तर काहीही बोलतात."

"बावीस दिवस भलं केलंत. बस झालं."

आत्याबाईंनी सवयीनं पाकिटाकडे हात नेला. ऋजुतानं ते ओढून घेतलं, दातांनी फोडलं आणि आम्हा सगळ्यांकडे बघत गोळी गिळली.