बॅटरीचं झबलं

“भारत, सांगितलं तर खोटं वाटंल तुला. जगात कुणाला पटायचं नाय. पण त्या दिवशी ह्या बॅटरीचा उजेड असा पडला, असा पडला, की तिकडं पेठच्या डोंगरात कोंबडे आरवले!”

एवढं बोलून देवरामतात्यांनी तोंडात सुपारी टाकली आणि भाच्याकडे न बघता बायकोकडे बघितलं. गोजराबाई अंगणात झेंडूच्या ढिगाशी बसून दसऱ्यासाठी फुलं निवडत होत्या. फुलं पुरात वाचलेल्या वरच्या वावरातली. खालच्या वावरात आता नुसता गाळ होता. गोजराबाईंच्या चेहऱ्यावर, नवरा थापा मारायला बसला की येतं ते हसू आलं होतं, आणि तात्यांना तेच हवं होतं.

भारत नाशकात कंपनीत होता. सुट्टी मिळाली की पाठीला बोचकं बांधून मित्रांबरोबर किल्ले चढायचा. त्याला तो कॅम्प म्हणायचा. गोजराबाई म्हणायच्या, “घरदार असताना दगडावर झोपायची हौस.” गेल्या पाडव्याला त्यानंच मामा-मामीला ही सोलरची बॅटरी आणून दिली होती. तेव्हा लोडशेडिंग असं की गावात वीज पाहुण्यासारखी यायची, आणि पाहुण्यासारखीच चहा होईपर्यंतसुद्धा थांबायची नाही. त्यात तलाठ्यानं सभा घेऊन नदीकाठच्या घरांना बजावलं होतं, की पावसाळ्यात एक पिशवी भरून ठेवा. कागदपत्रं, गूळ-शेंगदाणे, आगपेटी, औषधं आणि एक चालू बॅटरी. लोकांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन विसरले. पिशवी खरोखर भरली ती एकट्या गोजराबाईंनी.

आणि नुसती भरली नाही, तर बॅटरीला झबलं शिवलं.

गोजराबाईंच्या घरात उघडं असं काही राहत नसे. टीव्हीला झालर, मिक्सरला टोपरं, रेडिओला सदरा. मग एवढी सोलरची बॅटरी नागडी कशी राहणार? लेकीच्या ओटीतल्या खणाचा तुकडा होता, हिरवा, जरीच्या काठाचा. आत जुन्या धोतराचं अस्तर लावून त्याचं अंगभर झबलं झालं. पुढच्या काचेपुरतं तेवढं गोल भोक. बटण कापडावरूनच दाबायचं. उजेड जिथून बाहेर येतो तिथूनच ऊनही आत जात असणार, हे तर पोरालाही कळेल, म्हणून रोज सकाळी पूजा झाली की बॅटरी तुळशीच्या कट्ट्यावर, तोंड सूर्याकडे करून. वर हळदीचं बोट. संध्याकाळी पुन्हा पिशवीत. पेटवायची मात्र नाही, उगाच झिजते.

आताही ती कट्ट्यावरच होती, सूर्याकडे तोंड करून.

“मग पेठचे कोंबडे आरवले, पुढं काय झालं मामा?” भारतनं विचारलं. तो आला होता बॅटरी चार दिवसांसाठी न्यायला. कोजागिरीला साल्हेरवर त्यांचा कॅम्प होता. “आमच्या पोरांना दाखवायचीय. सगळे सेल टाकून टाकून वैतागलेत. म्हटलं, आमच्या मामाची बॅटरी पुरात चालली, बघा.”

“चालली म्हंजे काय! आरं, सटाण्याची लोकं फटफटलं समजून कांद्याचे ट्रॅक्टर घेऊन मार्केटच्या दारात रांगेला लागली!”

“एवढ्या पावसात?”

“पाऊस कुठला! उजेडाच्या धगीनं ढगाला भोक पडलं होतं ना.”

गोजराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. तात्यांच्या थापा त्यांना लग्नापासून ठाऊक. टोपलीभर चाऱ्यातून दाणा वेचावा तशी त्या थापेतून खरी गोष्ट वेचून घ्यायच्या आणि बाकीचं सोडून द्यायच्या. ह्या थापेतला दाणा त्यांनी जपून ठेवला होता, की त्या दिवशी बॅटरी पेटली होती. आपण सांभाळलेली वस्तू वेळेला उपयोगी पडली होती. गेंदी म्हैस गेली ती नशिबानं गेली.

तो दाणाच नेमका खोटा होता, आणि हे सगळ्या दुनियेत एकट्या देवरामतात्यांना माहीत होतं.

झालं होतं ते असं. गणपती बसलेले. वरून धरणाचं पाणी सोडल्याचा पुकारा झाला. गोजराबाई पिशवी घेऊन बायकांबरोबर वरच्या आळीतल्या शाळेत गेल्या, आणि दिवेलागणीला तात्या तिथूनच मळ्यातल्या गोठ्याकडे निघाले, कारण तिथं गेंदी बांधलेली. गाभण म्हैस. झेंडूच्या वावरात जन्मली म्हणून गेंदी. निघताना गोजराबाईंनी पिशवीतून बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली होती. “रोज ऊन दावलंय तिला. भिऊ नका.”

गोठ्यात पाणी कमरेला लागलं. ढगांनी आभाळ असं दाबलेलं की स्वतःचा हात दिसेना. गेंदी हंबरत होती. दावं सोडायचं म्हणून तात्या वाकले, तर गाठ पाण्याखाली, भिजून फुगलेली, लाकडासारखी घट्ट. ती गाठ त्यांनीच दुहेरी मारली होती, कारण गेंदी दावं तोडण्यात पटाईत. विळा कुडात खोचलेला असायचा. कुठल्या कुडात, ते हाताला सापडेना. त्यांनी बॅटरीचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. बॅटरी हलवली, तळव्यावर आपटली, देवाचं नाव घेऊन दाबली. झबल्याच्या कापडावर अंगठा फिरता फिरता पाठीवरच्या गुळगुळीत चौकोनाला लागला, आणि तात्यांच्या कानात पाडव्याच्या दिवसाचे शब्द वाजले. भारतनं त्या काळ्या काचेवर नखानं टकटक करून म्हटलं होतं, “मामा, हिला ऊन दाखवायचं, बरं का.” तेव्हा गोजराबाई आत शिरा ढवळत होत्या, आणि तात्यांचं लक्ष शिऱ्याच्या वासाकडे.

एवढं कळलं, पण कळून करणार काय? ऊन कुठून आणणार? गेंदीनं एकदा त्यांच्या खांद्यावर नाक घासलं. गरम श्वास लागला. मग भिंत गेली. लोंढ्यानं तात्यांना उचलून बांधाच्या बाभळीवर टाकलं, आणि तिथं फांदीला मिठी मारून ते गेंदीचं हंबरणं ऐकत राहिले. लांब जात असलेलं. नंतर नुसतं पाणी.

पाणी उतरल्यावर ते शाळेत आले तेव्हा बॅटरी मुठीतच होती. पुरात टाकून दिली असती तरी कुणी विचारलं नसतं. पण भ्यालेल्या माणसाची मूठ उघडत नाही. गोजराबाई दारातच उभ्या होत्या. मागं म्हैस नाही हे त्यांनी बघितलं. गेंदीचं नावही न घेता एवढंच विचारलं, “बॅटरी पेटली व्हती ना वो?”

त्या आवाजात असं काही होतं की तात्या म्हणाले, “पेटली.”

त्या एका शब्दाला टेकू द्यायला मग आख्खा पूर उभा करावा लागला. पेठचे कोंबडे, सटाण्याचे ट्रॅक्टर, ढगाचं भोक. मोठ्या थापेखाली लहानशी थाप दिसत नाही, असा तात्यांचा हिशेब होता. आणि झबलं काढून टाकावं तर बाई विचारणार, का काढलं?

“आणि गेंदी?” भारतनं हळू विचारलं. हातात कोरा चहा होता. घरात दुसरं जनावर नव्हतं.

“गेंदी का? ती बुडाली नाय. उजेडात तिला पार पैठणपर्यंतची वाट दिसली. म्हणाली, मालक, इथं काय रोज झेंडूचा पालाच. जाते मी. आता तिथं एका वाड्यात हाय. चांदीची घमेली हाय पाण्याला.”

गोजराबाईंचं हसू जरा ओलं झालं. त्यांनी ओंजळीतली फुलं टोपलीत टाकली, हात झटकले, आणि उठून तुळशीवरची बॅटरी आणली. “ने बाबा. वेळेला धावून आलेली वस्तू हाय, जपून ने. पण थांब, किल्ल्यावर खण मळंल. झबलं काढून देते.”

तात्यांच्या हातातली सुपारी खाली पडली.

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे!” ते जवळजवळ ओरडलेच. “साल्हेरला थंडी लय असती. तिला बाधंल.”

“बॅटरीला थंडी?” भारत हसला.

“तू हसू नको. नांदगावला एका माणसाची बॅटरी अशीच उघडी ऱ्हायली, तर सर्दी झाली तिला. पेटताना शिंकायची. शिंकली की उजेड विझायचा!”

“ऐका ह्यांचं,” गोजराबाई म्हणाल्या आणि कमरेच्या चंचीतून सुई काढून टाका उसवायला बसल्या. बारीक, एकसारखी शिवण होती. सुईचं टोक एकेक टाका उचलायचं आणि दोरा सुटायचा. तात्यांना वाटलं, ती गाठ तेवढी फुगून घट्ट झालेली, आणि ही बघा कशी सुटतेय.

“अगं, झबल्यासकट नेऊ दे की! त्याच्या दोस्तांना तुझी शिवण दिसंल.”

“शिवण काय बघायची पोरांनी.”

“भारत, तू हिला सांग. मी तुला त्या उजेडाचं आणिक सांगायचा ऱ्हायलो. आरं, झेंडूच्या कळ्या, कळ्या रे, त्या उजेडात फटाफटा फुलल्या! मासे पाण्याबाहेर येऊन बांधावर ऊन खायला बसले! आन् तो उजेड विझंचना. मी बटण दाबतोय, तो विझंना. शेवटी मीच म्हणलं, बाई, आता मीट डोळे, लोकं झोपायचीत…”

आवाज चढत होता आणि गोष्ट पातळ होत होती, हे त्यांचं त्यांनाच ऐकू येत होतं. उठून बॅटरी हिसकावून घ्यावी असं आलं मनात. पण हिसकावली तर बाई विचारणार, का हिसकावली?

शेवटचा टाका सुटला. गोजराबाईंनी बाळाचं अंगडं काढावं तसं झबलं अलगद वर ओढलं आणि बॅटरी भारतच्या हातात ठेवली. पाठीवरची काळी काच कोरी करकरीत होती, पाडव्याच्या दिवशी होती तशी. तिच्या कडांना अस्तराचे पांढरे धागे चिकटलेले. भारतनं ती उलटीसुलटी केली, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग मामीच्या मांडीवरचं झबलं उचलून ते भोक बघितलं, अस्तर बघितलं.

“मामी, ही रोज कट्ट्यावर ह्याच्यातच असायची?”

“व्हय की. एक दिवस चुकवला नाय.”

भारत हसायलाच लागला, मोकळा, कसलाही आडपडदा नसलेला. तात्या नको नको म्हणून हात हलवत होते ते त्याला गमतीचंच वाटलं.

“काय मामा, पेठचे कोंबडे आणि काय काय! थापा मारायच्या तरी किती? अहो, ऊन ह्या काळ्या काचेतून आत जातं, आणि ही तर कायम झाकलेली. ही बॅटरी त्या दिवशी पेटलीच नसणार!”