मॉनिटर बंद ठेवायचा

"पडदा लाव, दयाराम. दुपारपासूनचं दाखव," सोसायटीचे सेक्रेटरी श्रीरंग चाफेकर म्हणाले.

दयाराम म्हात्रेने सीसीटीव्हीच्या मॉनिटरचं भिंतीवरचं बटण दाबलं. गेटवरच्या त्याच्या केबिनमध्ये सोसायटीची माणसं दाटीवाटीने उभी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या ॲंजेलाबाई हॉस्पिटलात पोचण्याआधीच गेल्या, असा फोन नुकताच आला होता.

आधीचा मॉनिटर जळाला तेव्हा "रात्रंदिवस चालू ठेवून तूच मारलास" असं दयारामला चारचौघांत ऐकावं लागलं होतं. नवा आणल्यावर चाफेकरांनी त्याला बजावलं. उजेड निम्मा ठेवायचा. काम नसेल तेव्हा पडदा बंद, आणि भिंतीवरचं बटणही बंद, कारण तो चिमुकला लाल दिवासुद्धा वीज खातो.

"रेकॉर्डिंग खालच्या डब्यात होतच असतं. नुसता पडदा जाळून काय उपयोग?"

दयारामला ते पटलं. त्याचं अर्धं आयुष्य जूचंद्रच्या मिठागरात गेलं होतं. मिठागरावर भराव पडला, बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि त्यातल्याच एकीच्या गेटवर तो वॉचमन म्हणून बसला. मॉनिटर तो कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा. मागच्या जाळीला हवा लागावी म्हणून त्यावर कुणाला पिशवीही ठेवू द्यायचा नाही. लाइटचं बिल कमी आलं तेव्हा चाफेकरांनी मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं. घरी जाऊन त्याने ते बायकोला, विमलाला दोनदा सांगितलं.

ॲंजेलाबाई मूळच्या पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. एकट्याच राहायच्या आणि गच्चीत मांदेली मासळी वाळत घालायच्या. वासाच्या तक्रारी झाल्या, गच्चीच्या जिन्यात कॅमेरा बसला. तरी दुपारी बिल्डिंग झोपली की त्या केबिनच्या खिडकीशी यायच्या.

"दयाराम, तुझा टीव्ही बंद हाय ना?"

"बंदच हाय, बाय. जा तुमी."

त्या दुपारीही तो हेच म्हणाला होता.

आता पडद्यावर त्या रिकामं सूप घेऊन गच्चीतून उतरत होत्या. पाय सरकला. सूप आधी घरंगळलं, मग त्या. जिन्याच्या वळणावर त्या पडून राहिल्या. बऱ्याच वेळाने त्यांचा हात उठला, कॅमेऱ्याकडे. ओठ हलत होते. आवाज नव्हता. हात खाली पडायचा, पुन्हा उठायचा.

"बस झालं," कुणीतरी म्हणालं. माणसं एकेक करून बाहेर पडली. दयाराम हलला नाही. टाकी बघायला गेलेला प्लंबर जिन्यात दिसेपर्यंत त्याने सगळं पाहिलं.

"पडदा बंद ठेव म्हटलं होतं," चाफेकर दारातून म्हणाले. "लक्ष ठेवू नकोस असं नव्हतं म्हटलं."

"बंद पडद्यात काय दिसनार, साहेब?"

दुसऱ्या दिवशी गेटवर नवा माणूस आला. दयारामने शिट्टी आणि चाव्या त्याच्या हातात दिल्या.

ॲंजेलाबाईंची मुलगी विनी दोह्याहून आल्यावर माती झाली. दयाराम दफनभूमीच्या फाटकाबाहेरच उभा राहिला. आत जायला त्याचा पाय उचलेना. विनीनेच त्याला पाहिलं आणि ती बाहेर आली. तिचे डोळे कोरडे होते.

"काका, रेकॉर्डिंग तुम्ही पूर्ण पाहिलंत ना? मला सगळे म्हणतात, तू बघू नको. मम्मीला खूप वेळ त्रास झाला का?"

दयारामने पायाखालच्या वाळूकडे पाहिलं. मग मान वर केली.

"नाय गो बाय. पडल्या आनि तिथंच गेल्या. हात पन हलला नाय."

विनीने तोंड झाकून घेतलं आणि ती रडू लागली. मोकळी, लहान मुलीसारखी. जरा वेळाने तिनेच त्याचं मनगट धरून त्याला आत नेलं.

खड्ड्याशी येऊन दयारामने चपला काढल्या, वाकून मूठभर माती उचलली आणि हात पुढे धरला. रेताड माती बोटांच्या फटींतून आपोआप गळत राहिली. मूठ मात्र त्याला उघडवेना.