टॉवरवाल्याच्या नावावरची पट्टी

सोमवारी दुपारी बारा वाजता सरकार आकाशात दिसलेल्या दिव्यांच्या सगळ्या जुन्या फायली लोकांपुढे उघड्या करणार होतं, आणि पट्टीवालीला शुक्रवारपासूनच झोप नव्हती.

पट्टीवाली म्हणजे तळघरातल्या ऑफिसातली, तिसऱ्या टेबलावरची. आठ महिने तिनं एकच काम केलं. जुने कागद स्क्रीनवर यायचे, आकाशात कुणी काय पाहिलं ते त्यात असायचं, आणि पाहणाऱ्याच्या नावावर ती काळी पट्टी ओढायची. नियम सोपा होता. साध्या माणसाचं नाव झाकायचं, सरकारी नोकराचं उघडं ठेवायचं. दुकानदार झाकला, शाळेतली पोरगी झाकली. रडारवाला, विमानतळावरून पायलटांशी बोलणारा टॉवरवाला, चौकशी अधिकारी, सगळे उघडे.

"सरकारनं तुला लोकांना काळं फासायचं लायसन दिलंय," शेजारच्या टेबलावरचा, ज्याला सगळे चष्मा म्हणत, तो म्हणायचा. तिनं ओढलेल्या पट्ट्या तपासायचं काम त्याचं. तोही दहातलं एकच पान बघायचा आणि उरलेल्या वेळात नखं खायचा.

शुक्रवारी शेवटच्या खोक्यातली फाईल आली. टपालाचं छोटं विमान, एकटा पायलट, संध्याकाळची वेळ. विमान परत आलंच नाही. पट्टीवालीला ही गोष्ट पाठ होती, कारण तो पायलट म्हणजे तिच्या बिल्डिंगमधल्या, वरच्या मजल्यावरच्या मावशींचा नवरा. चौकशीत म्हटलं, पायलटची चूक. लोक म्हणाले, प्यायला असेल. मावशींनी एकतीस वर्षं ते ऐकून घेतलं.

तिसऱ्या पानावर त्या दिवशीच्या टॉवरवाल्याचा जबाब होता. दोन ओळींचा. 'मला काही दिसलं नाही. मला काही ऐकू आलं नाही.' खाली नाव आणि सही. आप्पांची. तिच्या वडलांची.

आप्पा टॉवरवर नोकरीला होते हे अख्ख्या बिल्डिंगला माहीत. पण त्या दिवशी आपली सुट्टी होती असंच ते आयुष्यभर सांगत आले. जोडीचा दुसरा टॉवरवाला कधीच मेला. त्या दिवशी तोच टॉवरवर होता असं धरून मावशी अजून त्याच्या नावानं बोटं मोडतात, आणि आप्पा मान खाली घालून चहा पितात.

तिनं इकडंतिकडं बघितलं. चष्मा नखं खात होता. तिचा हात आपसूक गेला आणि आप्पांच्या नावावर पट्टी बसली. चष्मा तपासायचा त्या पानांत ते पान आलं नाही. झाकली मूठ, म्हणून ती घरी गेली.

घरी मूठ कसली. टीव्हीवर तीच बातमी. आप्पा आवाज बारीक करून बघत बसलेले.

"नावं पण देणार का गं?"

"साध्या माणसांची नाही."

"आणि नोकरांची?"

"बघू," ती म्हणाली. आप्पांनी टीव्ही बंद केला.

रविवारी मावशी खाली आल्या. नवीन चष्मा करून आणला होता, उद्या नीट वाचता यावं म्हणून. "तू बघितलंस का गं काही?"

"आम्हाला वाचायची परवानगी नसते, मावशी." आठ महिने वाचण्याशिवाय तिनं दुसरं काही केलं नव्हतं.

सोमवारी बाराला साईट उघडली आणि दोन मिनिटांत झोपली. लोक तुटून पडले होते. साडेबाराला उठली. पाऊण वाजता चष्मा खुर्चीसकट सरकत तिच्याकडे आला.

"अगं, काय घोळ केलायस? एवढ्या हजारो पानांत टॉवरवाल्याच्या नावावर पट्टी एकच आहे. एकच! लोकांनी बरोबर तीच धरली. सगळीकडं एकच चाललंय, हा कोण, ह्यालाच का झाकला."

तिनं ते पान उघडलं. उघडं राहिलं असतं तर हजारातलं एक नाव होतं. कदाचित मावशींशिवाय कुणी बघितलंही नसतं. तिनंच त्यावर बोट ठेवून दाखवलं होतं.

"मोठ्या मॅडम वरून खाली येतायत," चष्मा हळूच म्हणाला. "प्रत्येक पट्टीत ओढणाऱ्याचा नंबर असतो. तू आत्ताच जा. मी सांगतो पोट बिघडलंय म्हणून."

ती थेट घराकडं पळत सुटली. जिन्यात तिला वरून मावशींचा टीव्ही ऐकू आला, पण मावशी वर नव्हत्या. घराचं दार उघडं होतं. मावशी आप्पांच्या समोर बसल्या होत्या, मध्ये टेबलावर छापून आणलेलं ते पान, आणि त्यावर पट्टी.

"आलीस? बरं झालं," मावशी म्हणाल्या. आवाज साधाच होता, त्यानंच तिला जास्त भीती वाटली. "तुझ्याच ऑफिसातलं आहे हे. त्या मेलेल्या टॉवरवाल्याचं नाव मला माहितीय, त्याला झाकायची कुणाला गरज नव्हती. मेलेल्याला कोण झाकतं? मग हा कोण?"

ती दाराला धरून उभी राहिली. खोटं तोंडाशी तयार होतं. मला नाही माहीत मावशी. चार शब्द.

"तिला नका विचारू," आप्पा म्हणाले. "मी होतो."

मावशींनी नवा चष्मा काढला आणि पदराला पुसत बसल्या.

"सुट्टी नव्हती. त्याच्याशी ड्यूटीची अदलाबदल केली होती, तोंडी. तो आला खिडकीशी." आप्पा थांबले. "तो म्हणजे उजेड. आवाज नाही, वारा नाही. काचेच्या बाहेर, हा इथून त्या कपाटाएवढा लांब. आणि तो बघत होता. कसं सांगू, उजेडाला डोळे नसतात, पण बघत होता. मी टेबलाखाली गेलो. तोंडावर हात धरला. वर वायरलेस सेटवर तुमच्या ह्यांचा आवाज येत होता. टॉवर, तुला दिसतंय का. टॉवर, तुला दिसतंय का. अकरा वेळा. मला वाटलं, मी बोललो तर त्याला कळेल मी इथं आहे."

"एकदा हो म्हणायचं होतं," मावशी म्हणाल्या.

"हो."

"एकदाच. मग ते वळले असते. एकटेच वेडे झालोय असं तरी वाटलं नसतं."

"हो."

"शेवटी काय म्हणाले?"

आप्पांनी पट्टीवालीकडं बघितलं, जसं लहान मूल सोडवायला कुणी येतंय का बघतं. ती हलली नाही.

"म्हणाले, राहू दे टॉवर. आता त्यालाच मी दिसलोय."

मग मावशींनी चष्मा पुन्हा घातला, खुर्ची पुढं ओढली आणि आप्पांच्या तोंडासमोर तोंड आणलं.

"टॉवर," त्या म्हणाल्या. "तुला दिसतंय का?"

आप्पांचे ओठ हलले. कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. भरदुपारी, स्वतःच्या घरात, शहात्तर वर्षांचा माणूस खुर्चीत मागं मागं सरकत होता. मावशी हटल्या नाहीत. त्यांनी परत विचारलं. आणि परत. सहाव्यांदा आप्पांचा आवाज फुटला.

"दिसतंय. मला दिसतंय. समोरच आहे."

मावशी उठल्या. आप्पांना एक शब्द न बोलता दारापर्यंत आल्या आणि पट्टीवालीच्या हातात तो कागद दिला. "काढ ती," म्हणाल्या, आणि जिना चढून गेल्या.

मॅडमचा फोन वाजतच होता. तिनं उचलला. नंबर माझाच, म्हणाली. पट्टीखाली कुणाचं नाव आहे तेही सांगितलं, पूर्ण, त्यांच्या वडलांच्या नावासकट. पलीकडं मॅडमनी लिहून घेतलं आणि म्हणाल्या, पंधरा मिनिटांत पट्टी निघेल, तुझं काय करायचं ते उद्या बघू.

"आता वाचतील?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"सगळे? तोही?"

ते तिच्याकडं बघत नव्हते. खिडकीतून वर बघत होते, रिकाम्या पांढऱ्या आकाशाकडं. तिनं जाऊन त्यांचा हात धरला. हात गार पडला होता, आणि तिचाही.