ओमी मन्नूबियाचं पान

"पुरावा काय, पुरावा काय! माझी बेंबी हा पुरावा नाही का?" शुक्रीने भर कॅफेत सदरा वर केला, तेव्हा पत्ते खेळणारे चौघे डाव सोडून खो खो हसायला लागले.

मला काही हसू आलं नाही. इंटरनेटवरचा जो विश्वकोश जगभरातली माणसं हौसेने, फुकटात लिहितात, त्यातली पानं काढून टाकायचा अधिकार आमच्या या अख्ख्या महदिया शहरात एकट्या मला आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यावर लागलेला नाद. बायको म्हणते, पगाराशिवाय कारकुनी करणारा असा गाढव दुसरा सापडायचा नाही. तिचं खरंच आहे.

शुक्री या कॅफेचा मालक. त्याने आमच्या गल्लीच्या सुईणीवर, ओमी मन्नूबियावर, त्या विश्वकोशात पान लिहिलं. ओमी म्हणजे आई. गल्लीतल्या निम्म्या लोकांची नाळ तिनेच कापलेली, माझीसुद्धा, म्हणून सगळे तिला तसंच म्हणतात. पाचव्या दिवशी कुठल्यातरी परगावच्या संपादकाने खाली लिहिलं, 'या बाईविषयी कुठे काहीच छापून आलेलं नाही. पान काढावं का?' झालं, चर्चेला सात दिवसांची मुदत लागली. आणि शुक्रीने काय करावं? गिऱ्हाइकांना कॉफी पाजून एकेकाकडून 'ठेवा' असं लिहून घेतलं. एकतीस मतं, सगळी याच कॅफेच्या वायफायवरून, एकाच दुपारी! तपासणाऱ्यांनी ती एकाच माणसाची खोटी नावं धरली आणि एकजात बाद केली.

"अरे शहाण्या, तिथे डोकी मोजत नाहीत," मी म्हणालो. "छापील काहीतरी आण. एखादं कात्रण, काहीही. आज शेवटचा दिवस आहे."

"तू ते बटण दाबू नकोस, म्हणजे झालं!"

"मी नाही दाबलं तर दुसरा दाबेल. आणि मी याच गल्लीतला, म्हणून निकाल मी द्यायचाच नाही, असाही नियम आहे."

"घाल ते नियम चुलीत. चल, ओमीकडेच जाऊ. तिच्या पेटीत असेल काहीतरी."

नव्वदीला टेकलेली ओमी अंगणात चटईवर बसून वाटाणे सोलत होती. "दोघे एकदम? कोण अडलीय?" तिने विचारलं.

"कुणी नाही गं. पेपरात कधी तुझ्यावर काही छापून आलं होतं का?"

"मला कशाला छापतायत? मी काय चोरी केली?"

शुक्रीला राहवेना. त्याने फोन काढला आणि पान मोठ्याने वाचायला लागला. ओमी सोलता सोलता ऐकत होती, मधूनच लाजत होती. 'अडतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही मूल दगावलं नाही,' असं त्याने वाचलं आणि तिचे हात थांबले.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच की!" शुक्री फुलून म्हणाला.

"पुस ते."

"अगं, कौतुकाने लिहिलंय..."

"अकरा गेली माझ्या हातून. सालिहाची मुलगी, तिच्या गळ्याभोवती नाळ होती. बेयाची जुळी, दोन्ही. दीपगृहवाल्याचा मुलगा, तो रडलाच नाही." ती बोटांवर मोजत आयांची नावं सांगत गेली, कुठे अडखळली नाही. "नावं ठेवायलाही वेळ मिळाला नाही कुणाला. कुठल्या कागदावर नाहीत ती पोरं. आणि तू लिहितोस, ती नव्हतीच?"

"बरं, तेवढं वाक्य काढतो. बाकीचं राहू दे ना. लोकांना कळू दे, तू कोण आहेस ते."

"मग त्यांनाही लिही तिथे."

शुक्रीने माझ्याकडे पाहिलं. "नाही चालत, ओमी," मी म्हणालो. "छापील आधार लागतो." खरं सांगतो, हे बोलताना मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मग मलाही नको."

शुक्री अजून हटत नव्हता. "दहाच तर सांगितलीस," तो म्हणाला. "अकरावं कुठलं?"

ओमी म्हणाली, "तुझ्या आईचा पहिला मुलगा. तुझ्या आधी दोन वर्षं."

त्याच्या आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिने हे कधीच सांगितलं नव्हतं. शुक्री पायरीवर बसला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि हळूच सांगितलं, की ज्याने पान लिहिलं त्याने स्वतःच काढायला सांगितलं, तर निकालाची वाट बघावी लागत नाही, गल्लीतलाही कुणी काढू शकतो. मग एका बोटाने त्याने लिहिलं, 'हे पान मी लिहिलं. ते चुकीचं आहे. काढून टाका.'

मी माझा फोन काढला आणि बटण दाबलं.

"गेलं," मी म्हणालो.

"बरं झालं," ओमी म्हणाली.

शुक्रीने डोळे पुसले. "ओमी, तो दिसायला कसा होता गं?"

"जावळ होतं भरपूर. काळंभोर." तिने मांडीवरचं ताट बाजूला सारलं, हात पुसले आणि दोन्ही तळवे समोर धरले. त्यांच्यामध्ये दोन वितींचं अंतर होतं.

"एवढा होता," ती म्हणाली, आणि शुक्रीने नीट पाहून घेईपर्यंत तिने हात खाली घेतले नाहीत.